नळीचं तोंड

पान एकेचाळीस. जंगालानं खाल्लेलं.
झाडं जिथं जिथं हिरवी होती
तिथं आता कागद नाही.
रान गेलं, शिकारी उरला.

शुक्रवार पेठेतल्या मठाच्या माडीवर
गव्हाच्या खळीनं मी पानं जोडते.
खाली उसाची ट्रॉली वळते
तेव्हा मेजावरचं भिंग थरथरतं
आणि राजाचा हात हलल्यासारखा वाटतो.

ओवीत राजा धनुष्य ओढतो.
चित्रात तोड्याची बंदूक.
चिताऱ्याला कुणी टोकलं नसावं,
किंवा टोकलंही असेल, आणि तो म्हणाला असेल,
आता धनुष्य घेऊन येतंय कोण?

हरणं आडवी, कुत्री आडवी,
राजाला एकच डोळा, मासळीसारखा.
या अख्ख्या पोथीत कुणी समोर बघत नाही.
फक्त नळी.
हरणं उजवीकडे पळतात
आणि ती उतरते खाली, पानाच्या कडेला,
वाचणाऱ्याच्या छातीकडे.
तोंड गोल. मसुराएवढं. काळं.

गंगावेशीतले दस्तगीर शिकलगार
हल्ली कोयत्यांना धार लावतात.
निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात
आणि त्यांचं उरलंसुरलं जुनं कामही थांबतं,
म्हणून येतो म्हणाले.
चपला खाली काढल्या,
न सांगता दोनदा हात धुतले.

"जामगी कुठाय?"
काय?
"वात ओ, पेटती वात. तिच्याबिगर ही नुस्ती काठी.
कान न्हाई. रंजक ठेवायची वाटी न्हाई.
कळ हाय, पर उलटी.
असं धरलं तर पयल्या बाराला डोळा जाईल राजाचा."

मी वहीत लिहिलं :
चिताऱ्यास शस्त्राची माहिती नाही.

त्यांनी भिंग मागून घेतलं.
दस्त्यावरनं नळीवर,
नळीवरनं खाली,
आणि तोंडाशी थांबले. बराच वेळ.

"ही कड बघा. दुहेरी काढलीया.
तोंडाला पितळंचा वळ असतोय, त्यो घेतलाय.
माशी घेतलीया, तिळाएवढी, बराब्बर मधी.
आतली काजळी खालच्या अंगाला दाट,
खरी तशीच धरतीया.
हे ऐकून जमत न्हाई, म्याडम."

खालून आरतीची घंटा. ती संपेपर्यंत गप्प.

"मागली बाजू त्यानं बघितल्याली न्हाई.
फुडली बघितलीया.
जवळनं."

मी पान अलगद पालथं केलं.
बोट फिरवलं. त्या जागी खड्डा होता.
कुंचल्यानं खड्डा पडत नाही,
दांड्यानं पडतो,
रंग वाळल्यावरही कुणी गिरवत राहिलं तर.

कुठल्या घाटात, कुठल्या उतारावर,
किती पावलांवर उभा होता तो,
रंगाच्या शिंपल्या कमरेला बांधून?
वात ओली निघाली?
की धरणाऱ्याला त्याच्या बोटांवरचा हिंगूळ दिसला
आणि वाटलं, याचे हात आधीच रक्तानं भरलेत?
काही कळत नाही.
पुढं बावीस पानं आहेत,
त्यांत मोर, विहीर, लग्नाचा मांडव,
सगळं पुन्हा आडवं, शहाण्यासारखं.
म्हणजे तो वाचला, एवढंच.

वहीतली ओळ मी खोडली.
दुसरी सुचली नाही.

निघताना दस्तगीरभाईंनी
पानाखालची पाटी दोन्ही हातांनी फिरवली.
नळीचं तोंड भिंतीकडे गेलं,
मग पाटी माझ्याकडे सरकवली.
"सवय हाय," म्हणाले.
"दुसऱ्याच्या हातात देताना..."
आणि जिना उतरले.

मीही पाटी परत फिरवलेली नाही.
उलट्या बाजूनंच काम करते :
राजा डोक्यावर उभा,
हरणं पाय वर करून पळतायत,
आणि जिथं रान होतं तिथं
नव्या कागदाची पांढरी ठिगळं.
आज हवा दमट आहे.
खळ वाळायला वेळ लागेल.